पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंच

१ जानेवारी १९६१, रविवार

नवं वर्ष, नवी डायरी. नागोजी स्टेशनरीवाल्यानं दिली. पानं काटकोनात कापलेली नाहीत, खालच्या कडेला अर्धा सूत फरक आहे. म्हणजे इंचाचा सोळावा भाग. त्याला दाखवलं. तो म्हणाला, अण्णा, ही लिहायची आहे, कशात बसवायची नाही. असल्या वृत्तीनंच देश मागे आहे.

संकल्प. ह्या वर्षी इन्स्टिट्यूटची तिन्ही मुलं फॅक्टरीत लावायची. तीनच आहेत, म्हणजे शंभर टक्के. एवढा निकाल अख्ख्या बंगळुरात कुणाचा नाही.

दुसरा संकल्प, स्टोव्ह रिपेरी बंद. जिथं प्रिन्सिपॉल बसतो तिथं पंपाचे वॉशर विकत नाहीत. वसुमतीला सांगितलं. ती म्हणाली, खुशाल बंद करा, पण आधी घरातला दुरुस्त करा, आठ दिवस भडकतोय.

केला.

३ जानेवारी, मंगळवार

बोर्ड आला. ‘विठोजीराव टेक्निकल इन्स्टिट्यूट, चामराजपेट’. कन्नड, इंग्रजी, मराठी. सगळी अक्षरं चार इंच सांगितली होती, कन्नड साडेतीन निघाली. पेंटरला परत पाठवलं. तोपर्यंत जुनाच बोर्ड राहील: स्टोव्ह, कंदील, सायकल.

मुलांना सांगितलं, आजपासून मला मेस्त्री म्हणायचं नाही, प्रिन्सिपॉल म्हणायचं. शिवाप्पा म्हणाला, व्हय मेस्त्री.

हा शिवाप्पा चिकोडीकडचा. सकाळी पिठाच्या गिरणीत काम करतो, दुपारी इथं येतो. कायम पांढरा. कानशीच्या दातांत पीठ अडकतं. दोनदा ताकीद दिली. पण हात सरळ आहे. लग्न झालेलं आहे, बायको गंगव्वा निपाणीला बापाकडे. सासरा तंबाखूच्या वखारीत मुकादम. त्याचं म्हणणं, कायम नोकरीचा कागद दाखव आणि मुलगी ने. दोन वर्षं झाली. शिवाप्पा सांगताना हसतो. लाजतो म्हणून हसत असावा.

८ जानेवारी, रविवार

आजपासून दर रविवारी व्याख्यान. हल्लीच्या मुलांच्या हाताला वळण लावता येतं, पण आतून इच्छाच नाही. मला कुणी शिकवलं? लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात झाडू मारायला लागलो. झाडता झाडता बघितलं, बघता बघता शिकलो. इच्छा होती.

विषय: महत्त्वाकांक्षा. फळ्यावर शिडी काढली. दोन्ही दांडे समांतर, पायऱ्या सारख्या अंतरावर. ह्यातच बराच वेळ गेला. व्यंकटेश झोपला. कृष्णमूर्ती रस्त्याकडे बघत होता. शिवाप्पा मात्र एकटक शिडीकडे. मला भरून आलं. विचारलं, काय समजलास? म्हणाला, मेस्त्री, खालची पायरी जमिनीपासनं लई उंच हाय.

मोजली. खरंच होती. पुसून पुन्हा काढली. वळलो तर मुलं गेलेली.

मागे एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत बसून होती. समाधान वाटलं. मग तिनं पदराखालून स्टोव्ह काढला.

१६ जानेवारी, सोमवार

कृष्णमूर्ती गेला. टायपिंगच्या क्लासला नाव घातलं म्हणे. माझी पद्धत त्याला पटत नाही. पद्धत अशी: पहिले सहा महिने फक्त कानस. दोन इंचाचा लोखंडी ठोकळा द्यायचा. सहाही बाजू घासून काटकोनाच्या गुण्याला लागल्या पाहिजेत. गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून केसाएवढा उजेड दिसला की पुन्हा घासायचं. लेथ नाही, ड्रिल नाही, ड्रॉइंग नाही. आधी हात.

जाताना म्हणतो, सर, ठोकळा दोन इंचाचा होता, आता सव्वाचा राहिला. तो लहान होत चाललाय आणि मी मोठा.

चुरचुरीत बोलणारी मुलं यांत्रिक कामात टिकत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. आता दोनच राहिली. दोन्ही लागली तरी शंभर टक्केच.

२ फेब्रुवारी, गुरुवार

व्यंकटेशचा ठोकळा तपासला. दोन थाऊ कमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गटारात फेकला. शिस्तीसाठी असं करावं लागतं. त्यानं तो गटारातून काढलाही नाही. मग सांगितलं, सरकारी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये जातोय. दीड वर्ष, वर सरकारी सर्टिफिकेट. शिवाप्पासाठीही एक फॉर्म आणला होता. आठवी पास चालतो म्हणे.

शिवाप्पा तो फॉर्म दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिला. चांगल्या मुलाची हीच खूण, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. त्याला बसवून समजावलं. कागद ओला झाला तर विरघळतो. हात विरघळत नाही. फॅक्टरीत उभा राहिलास की हातच बोलेल. मला कुणी सर्टिफिकेट दिलं?

वसुमती आतून म्हणाली, नाही दिलं, म्हणून तर.

शिवाप्पानं फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी त्यानंच त्या फॉर्मनं वाइसच्या शिकंज्यावरचं तेल पुसलेलं पाहिलं. माझा शब्द मनाला भिडला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

शिरगणतीवाला आला. धंदा विचारला. सांगितलं, प्रिन्सिपॉल, टेक्निकल इन्स्टिट्यूट. त्यानं वर जुना बोर्ड पाहिला, खाली वाइस पाहिल्या. विद्यार्थी किती? म्हटलं, सध्या एक. निवड कडक आहे. तेवढ्यात एक बाई आली, अण्णा, स्टोव्हला पिन मारून द्या, स्वल्प घाई आहे. त्यानं काय लिहिलं ते दाखवलं नाही. अक्षर मात्र बारीक होतं. ‘प्रिन्सिपॉल’ लिहायला जास्त जागा लागली असती.

देशाच्या आकडेवारीवर माझा विश्वास उरलेला नाही.

५ मार्च, रविवार

मेहुणा नरसिंह आला होता. शहराबाहेरच्या मोठ्या फॅक्टरीत टाइमकीपर आहे. दिवसभर लोक कधी आले, कधी गेले ते लिहायचं. ह्याच्या हाताला कानशीची मूठ ठाऊक नाही, पण बोलतो असा की फॅक्टरी ह्यानंच ओतली.

बातमी चांगली आहे. अठ्ठावीस तारखेला फिटरची ट्रेड टेस्ट. सर्टिफिकेट नसलं तरी बसू देतात, पण वय पंचविसाच्या आत हवं. कागदवाल्यांना अठ्ठावीसपर्यंत सूट. शिवाप्पाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म तीस जूनचा. ह्या जूनला पंचवीस पुरी. म्हणजे आत्ता लागला तर लागला, नाहीतर कायमचा बाहेर. फॉर्म भरला असतास तर सूट मिळाली असती रे, असं नरसिंह त्याच्या तोंडावर म्हणाला. वसुमतीनं त्याला आणखी एक पोळी वाढली. बहीण-भाऊ एक.

मी म्हटलं, एकदा टेस्टला बसला की सूट लागणार नाही.

जाताना नरसिंह म्हणाला, भावोजी, एक लक्षात ठेवा, तिथं आता सगळं मिलिमीटरमध्ये आहे. मशिनं परदेशी आहेत, ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच येतं.

आधी आणे घालवले, नये पैसे आणले. आता इंचाच्या मागे लागलेत. हे चार वर्षांचं खूळ आहे, जाईल. इंच राहणार.

१७ मार्च, शुक्रवार. युगादी

कडुनिंब-गूळ खाल्ला. वसुमतीनं शिवाप्पालाही बोलावलं होतं. तो तिला अक्का म्हणतो. तिनं गंगव्वासाठी खण काढून ठेवलाय, नोकरीचा कागद आला की द्यायचा म्हणे. बायका फार लवकर धरून चालतात. माझं तसं नाही. माझी खात्री आहे.

दुपारी मिलिमीटरचा विषय संपवला. नागोजीकडून शाळेची लाकडी पट्टी आणली. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. स्वतः भिंग लावून पडताळलं. एका इंचासमोर अडीच सेंटिमीटर. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंच. एवढ्यासाठी लोक दीड-दीड वर्षं सरकारी वर्गात बसतात!

शिवाप्पाकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. पाठ झालं.

२८ मार्च, मंगळवार

टेस्ट. हत्यारं ज्यानं त्यानं आपापली आणायची. माझी इंची पट्टी, माझा गुण्या, माझ्या दोन कानशी दिल्या. लढाईतल्या, थाऊ मोजायच्या मायक्रोमीटरला आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही, तोही देणार होतो, मग धीर झाला नाही. पट्टीवर भागेल.

सकाळी शिवाप्पा अंघोळ करून आला. पीठ नाही. चेहरा आहे हे आज कळलं.

संध्याकाळी परतला. खुशीत. जॉब असा होता: पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी तुकडा घासायचा, आणि एका जाड पट्टीत तेवढंच चौकोनी भोक. तुकडा भोकात चारी बाजूंनी बसला पाहिजे. वेळ चार तास. ह्याचा बसला. कुठून घातला तरी बसला. शेजारचा कागदवाला तर ठोकून बसवत होता म्हणे.

वसुमतीनं गोड केलं. मी दोनदा घेतलं.

३ एप्रिल, सोमवार

नापास.

नरसिंह मुद्दाम सांगायला आला. तुकडा एक इंचाचा, भोक एक इंचाचं. ड्रॉइंग पंचवीस मिलिमीटरचं. भावोजी, इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार! चार कुठं गेले?

चार म्हणजे काय? मिलिमीटरचे चार दशांश. सोळा थाऊ. सोळा थाऊ म्हणजे काही आभाळ नाही. आणि माप चुकलं असेल, पण दोन्हीकडे सारखंच चुकलं आहे. तुकडा भोकात बसला की नाही? ह्यालाच अचूकपणा म्हणतात. हे मी नरसिंहला तीन प्रकारे समजावलं. तो म्हणाला, भावोजी, ते मशिनला समजावून या.

शिवाप्पा पायरीवर बसला होता. मी म्हटलं, चूक त्या शाळेच्या पट्टीची आहे. तो म्हणाला, व्हय मेस्त्री. आतून वसुमती म्हणाली, ती पट्टी शाळेतल्या पोरांना चार नये पैशांना मिळते, तिच्यावर कुणी नोकऱ्या मोजत नाही.

फॅक्टरीला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. समास नीट पडेना.

१९ एप्रिल, बुधवार

व्यंकटेश रस्त्यात दिसला. सरकारी इन्स्टिट्यूटचा निळा डगला. बाह्या दीड इंच लांब होत्या. नमस्कार केला, खाली वाकून. मला सर म्हणाला. तिथं दुसऱ्या आठवड्यातच ड्रॉइंग सुरू झालं म्हणे. हाताला वळण लागायच्या आधी ड्रॉइंग! ह्या मुलाचं नुकसान होणार. मी तसं स्पष्ट सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, सरी सर, आणि शिवाप्पा कसा आहे म्हणून विचारलं.

प्रगतीवर आहे म्हणून सांगितलं.

६ मे, शनिवार

नरसिंहला शेवटी आमची किंमत कळली. फॅक्टरीत काही माणसं कमी पडली, वीस जूनला पुन्हा टेस्ट आहे, शिवाप्पाचं नाव त्यानं घालून घेतलं. परीक्षकाला तो इंचवाला जॉब आठवत होता म्हणे. माझं काम विसरणं सोपं नाही. वीस जून. पंचविशीला दहा दिवस बाकी असताना. आता तिसरी संधी नाही.

नरसिंहनं एक मिलिमीटरची पोलादी पट्टी आणली होती. म्हणाला, ही द्या पोराला, इंच विसरू द्या. रोज असलाच एक जॉब, घड्याळ लावून चार तासांत. उजेडबिजेड बघायचा नाही. चाललं तर चाललं म्हणायचं आणि पुढे जायचं. टेस्ट म्हणजे एवढंच.

चाललं तर चाललं! हे वाक्य माझ्या छपराखाली उच्चारलं गेलं.

पट्टी परत केली. उसन्या पट्टीवर कारागीर होत नाही. शिवाय मी आता मिलिमीटरच्या मुळाशी जायचं ठरवलं आहे. गेल्या वेळी घाई झाली.

वसुमतीला हे पटलं नाही. म्हणाली, तुमच्यासाठी हे कोडं आहे, त्या पोराची बायको आहे. दोन तास भांडी आपटत होती.

१५ मे, सोमवार

कोष्टक तयार. एक मिलिमीटरपासून शंभरपर्यंत, प्रत्येकाचे इंच, दशांशाच्या चार स्थळांपर्यंत. पंचवीस मिलिमीटर म्हणजे ०.९८४३ इंच. स्वतः भागाकार केले, उलटे पडताळले. दोन ठिकाणी चूक सापडली, सगळं पुन्हा लिहिलं. असं कोष्टक ह्या शहरात कुणाकडे नसेल. छापावं का?

शिवाप्पाला पाठ करायला दिलं. कानस सध्या बंद, आधी डोकं.

तो गिरणीत दळण घालताना म्हणतो. परवा गिरणीवाला सांगत होता, अण्णा, तुमचा माणूस गिऱ्हाइकाला म्हणाला, तुमचे गहू झिरो पॉइंट नऊ आठ.

चांगलं लक्षण आहे.

२ जून, शुक्रवार

निपाणीहून निरोप आला. सासरा आजारी आहे. तंबाखूच्या धुळीनं खोकला, आता रक्त पडतंय. त्याचं म्हणणं, जूनअखेर नोकरी लागली तर मुलीला घेऊन जा. नाहीतर तूच ये आणि माझ्या जागी वखारीत उभा राहा. शिवाप्पानं हे सांगितलं तेव्हा मी कोष्टकातला बावन्नाचा आकडा विचारत होतो. त्यानं आधी बावन्नाचा आकडा सांगितला, मग हे सांगितलं.

आकडा बरोबर होता.

मी म्हटलं, वखार वगैरे डोक्यात आणू नकोस, तू फॅक्टरीत जाणार. तो म्हणाला, मेस्त्री, थोडी कानस मारू का आता? हात विसरतोय. म्हटलं, ऐंशीपर्यंत झालं की.

२० जून, मंगळवार

टेस्ट. ह्या वेळी मायक्रोमीटर दिला. पेटीसकट. पेटी उघडून दाखवली, बंद करून दाखवली. शिवाप्पानं ती देवाच्या मूर्तीसारखी धरली. वसुमतीनं त्याच्या हातावर दही घातलं. मी म्हटलं, हात चिकट होतील. ती माझ्याशी बोलत नाही.

दिवसभर एकही स्टोव्ह घेतला नाही. म्हणजे दोनच घेतले.

अजून आलेला नाही.

२१ जून, बुधवार

सगळं नरसिंहकडून कळलं. शिवाप्पा मायक्रोमीटर परत करून गेला.

ड्रॉइंगवर सत्तावीस मिलिमीटर होते. ह्यानं कोष्टक आठवून इंचात मोजलं. थोडं घासून पुन्हा मोजलं, पुन्हा आठवलं. प्रत्येक बाजू गुण्याला लावून खिडकीशी नेली, उजेड बघितला. मी सांगितलं होतं तसंच, काही सोडलं नाही. तुकडा इतका निर्दोष झाला की परीक्षकानं दुसऱ्या परीक्षकाला बोलावून दाखवला. उजेड शून्य. सगळ्या टेस्टमध्ये असा तुकडा नव्हता.

मग परीक्षकानं विचारलं, भोक कुठाय?

शिवाप्पा म्हणाला, करतो की, स्वल्प थांबा.

चार तास संपले होते. जाड पट्टीवर भोकाच्या जागी नुसत्या चार खुणा होत्या. नरसिंहनं सांगितलं, परीक्षक पोराचा खांदा थोपटून पुढच्या टेबलाकडे गेला.

म्हणजे गुणवत्तेत पहिला. फक्त वेळेत नापास. वेळ ही वरवरची गोष्ट आहे. मी हे वसुमतीला सांगितलं. तिनं खण ट्रंकेत खाली ठेवला, वर लुगडी ठेवली, आणि ट्रंकेवर बसून राहिली.

२४ जून, शनिवार

शिवाप्पा आला. गिरणी सोडली. सोमवारी रात्रीच्या गाडीनं निपाणी. वखारीत उभा राहणार.

मी त्याला धीर द्यायला चार वाक्यं तयार केली होती. परीक्षेची पद्धतच चुकीची, चार तासांत कारागिरी मोजता येत नाही, खरा कारागीर असता तरी त्याला जमलं नसतं, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मेस्त्री, एक मागू का? जायच्या आधी तुम्ही एकदा करून दाखवा की तो जॉब. चार तासात. नुसतं बघतो. म्हंजे मला कळंल, कुठं चुकलो.

टोमणा नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्याला खरंच बघायचं होतं.

म्हटलं, त्यात काय. सोमवारी सकाळी ये.

आत्ताच ‘खरा कारागीर असता तरी’ म्हणालो होतो. ते त्यानं ऐकलं नसावं.

२५ जून, रविवार

कानशी साफ केल्या. जॉबचं लोखंड कापून ठेवलं. चष्मा पुसला. ह्या जॉबला माझ्या हिशोबानं तीन तास पुरतील. लढाईत ह्याहून अवघड कामं केली आहेत.

केली आहेत म्हणजे बघितली आहेत. बघणं म्हणजे निम्मं करणंच.

जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

२६ जून, सोमवार

घड्याळाचा वाद नको म्हणून मिलच्या भोंग्यावर ठेवलं. आठच्या भोंग्याला सुरू, बाराच्या भोंग्याला बंद. शिवाप्पा पत्र्याच्या डब्यावर बसला. गावाकडची पिशवी शेजारी. वसुमती दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली. आज तिनं बघायचं ठरवलं होतं.

सुरुवात झकास. हात बोलायला लागला. पहिली बाजू सपाट केली, गुण्या लावला, खिडकीशी नेली. केसाएवढा उजेड. पुन्हा घासली. उजेड ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. पुन्हा घासली. शिवाप्पा म्हणाला, मेस्त्री, चालंल की एवढं. हे त्याला कुणी शिकवलं? मी तर नाही. म्हटलं, चालणार नाही.

एक बाई स्टोव्ह घेऊन आली. वसुमतीनं तिला बाहेरच थांबवलं. हळू आवाजात काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. बाई थांबली नाही, गेली.

तिसऱ्या बाजूला खांदा भरून आला. चष्म्यावर घाम. मायक्रोमीटर वाचायला दोनदा पुसावा लागला. तुकडा झाला तेव्हा ऊन बाकाच्या निम्म्यावर आलं होतं. सुंदर तुकडा. शिवाप्पाच्या हातात दिला. त्यानं फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, असाच झाला हुता माझा.

मग भोक घेतलं. कडेनं ओळीनं ड्रिल मारले, छिनीनं मधला भाग पाडला. आता चार आतल्या बाजू घासायच्या. आत कानस फिरायला जागा नाही, गुण्या जात नाही, उजेड दिसत नाही. अंदाजानं घासायचं. अंदाज. एक बाजू झाली. तुकडा लावून पाहिला. एक कोपरा शिरला, बाकीचे तीन बाहेर.

वसुमती केव्हातरी आत गेली होती. चुलीवर भात ठेवल्याचा वास आला. हात चालत होता, पण किती घासलं जात होतं कळत नव्हतं. दुसऱ्या बाजूची निम्मी घासून झाली.

आणि भोंगा झाला. लांबलचक, नेहमीसारखा. कानस हातात होती. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं. शिवाप्पा दाराबाहेर बघत होता.

तो म्हणाला, हा आपला न्हवं मेस्त्री. दुसऱ्या मिलचा असंल.

ह्या बाजूला दुसरी मिल नाही.

म्हटलं, असेल. आणि घासत राहिलो.